औषधानें आलेली प्रचीति



इ. स. १९४३ च्या एप्रिल महिन्यांतील १९ तारखेची गोष्ट. युरोप महायुद्धांत होरपळत होता. पण स्वित्झर्लंड तटस्थ असल्यामुळें तेथील बाझल शहरांत सँडोझ या औषधांच्या कारखान्याची प्रयोगशाळा नित्याप्रमाणें चालू होती. त्या दिवशीं दुपारीं चार वाजून वीस मिनिटांनीं आल्बर्ट हॉफमन नांवाच्या रसायनशास्त्रज्ञांनीं एक द्रव्य पाण्यांतून घेतलें. त्याचें वजन एका ग्रॅमचा चार हजारावा भाग, म्हणजे मिठाच्या एका कणाएवढें. राय नांवाच्या धान्यावर अर्गट म्हणून एक बुरशी पडते. तिच्यांतील एका अम्लापासून त्यांनीं स्वतःच १९३८ सालीं तें बनविलें होतें. तीन दिवसांपूर्वी तेंच द्रव्य हाताळीत असतां त्यांना चमत्कारिक भोंवळ येऊन मिटल्या डोळ्यांपुढें रंगीत आकृति नाचूं लागल्या होत्या. कारण हेंच द्रव्य असावें काय, याची त्यांना परीक्षा पाहावयाची होती. आणि आपण घेतलेलें प्रमाण इतकें अल्प आहे कीं त्यानें कांहींच होणार नाहीं, असाही त्यांचा अंदाज होता.

तो अंदाज साफ चुकला. तासाभरांत त्यांना नीट बोलवेना. युद्धामुळें मोटारींवर निर्बंध होते, म्हणून सहायिकेला सोबत घेऊन ते सायकलवरून घरीं निघाले. आपण जागचे हलतच नाहीं असें त्यांना वाटत होतें. सहायिका मात्र आपण चांगल्या वेगानें आलों असें मागाहून सांगत होती. घरीं शेजारीण दूध घेऊन आली, ती त्यांना रंगीत मुखवटा घातलेली दुष्ट चेटकीण दिसली. आपण मरत आहों, निदान वेडे तरी होत आहों, अशी त्यांची खात्री झाली. इतक्यांत डॉक्टर आले. त्यांनीं नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, श्वास पाहिला. सर्व कांहीं ठीक. डोळ्यांच्या बाहुल्या तेवढ्या विलक्षण मोठ्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशीं सकाळीं हॉफमन ताजेतवाने होऊन उठले व न्याहारी त्यांना नेहमींपेक्षां रुचकर लागली.

रोगी म्हणतो, माझें जग कोसळलें. वैद्य म्हणतो, बाहुल्या मोठ्या झाल्या आहेत, बाकी ठीक आहे. या दोन साक्षींमधील अंतर हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय होय. गेल्या पाऊणशे वर्षांत तें अंतर बरेंच कमी झालें आहे. तें पुरतें मिटलें आहे असें मात्र मला म्हणवत नाहीं.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. आपण दारू, अफू, भांग या सर्वांना 'नशा' या एकाच शब्दाच्या गोणींत कोंबतों. दारू मेंदूला सुस्त करते, अफू वेदना बोथट करते. मी ज्यांच्याविषयीं बोलत आहें तीं द्रव्यें निराळ्या जातीचीं. मेक्सिकोंतील पेयोटे नांवाच्या बिनकाट्याच्या निवडुंगांतील मेस्कॅलिन हें त्यांपैकीं एक; तें जर्मन शास्त्रज्ञ आर्थर हेफ्टर यांनीं १८९७ मध्यें शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. मेक्सिकोंतच धर्मविधींत खाल्ल्या जाणाऱ्या भूछत्रांतील सायलोसायबिन हें दुसरें. तें १९५८ मध्यें हॉफमन यांनींच वेगळें केलें. आणि तिसरें हें एल्. एस्. डी. या वर्गाला 'सायकेडेलिक', म्हणजे मन प्रकट करणारीं द्रव्यें, असें नांव हंफ्री ऑस्मंड या डॉक्टरांनीं १९५७ सालीं दिलें.

आपल्याकडे 'भास' म्हटला कीं धोत्रा आठवतो, म्हणून त्याचाही उल्लेख करतों. मी मास्तर असतांना एकदां पावसाळ्यांत एका मुलानें धोत्र्याचें बोंड फोडून त्यांतील बिया खाल्ल्या. दवाखान्यांत नेईपर्यंत तो ओसरीवर बसून, तेथें नसलेल्या आजीशीं अगदीं संथपणें गप्पा मारीत होता आणि हवेंतून एक न दिसणारा दोरा ओढीत होता. बाहुल्या त्याच्याही मोठ्या झालेल्या. पण आपण कांहीं खाल्लें आहे, समोर दिसतें तें खरें नव्हे, याचें भान त्याला लवमात्र नव्हतें. आणि बरा झाल्यावर त्याला त्यांतील कांहींच आठवेना. धोत्र्यांतील विषें मेंदूंतील ॲसिटिलकोलिन या निरोप्याचें काम बंद पाडतात. हॉफमन यांना मात्र आपण काय घेतलें आहे हें बहुतेक सारा वेळ ठाऊक होतें, आणि सर्व हकीगत त्यांना नंतर बारकाव्यानिशीं लिहून काढतां आली. आंतल्या साक्षीदारानें आपली जागा सोडलेली नसते, हें या द्रव्यांचें वैशिष्ट्य. म्हणूनच शास्त्रज्ञांना त्याची जबानी घेण्याचा मोह होतो.

ही जबानी पद्धतशीरपणें लिहून घेणाऱ्यांत हाइनरिख क्लूव्हर हे मानसशास्त्रज्ञ अग्रगण्य होत. त्यांनीं स्वतः पेयोटे खाल्लें, इतरांचीं वर्णनें जमविलीं, आणि १९२८ सालीं त्यावर एक लहानसें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांच्या लक्षांत आलें कीं माणसें निरनिराळीं असलीं तरी आरंभीं दिसणाऱ्या आकृति त्याच त्या असतात : जाळी अथवा मधमाश्यांचें पोळें, कोळ्याचें जाळें, बोगदा किंवा नरसाळें, आणि मळसूत्र. अर्धशिशीच्या रोग्याला किंवा डोळे दाबून धरणाराला दिसणाऱ्या आकृतींतही याच जाति आढळतात. मग या आकृति येतात कोठून? औषधांत तर त्या नसतात. तें बिचारें कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचें बनलेलें!

याचें उत्तर भूमितींत सांपडलें, आणि मला स्वतःला या सर्व प्रकरणांत याहून अधिक आनंद देणारी गोष्ट दुसरी नाहीं. डोळ्याच्या पडद्यावर जें चित्र पडतें त्याचा एक नकाशा मेंदूच्या मागच्या बाजूस उमटतो. पण हा नकाशा वांकडातिकडा ताणलेला असतो. दृष्टीच्या मध्यबिंदूला त्यांत फार मोठी जागा, कडेच्या भागाला अगदीं थोडी. आपण शाळेंत पृथ्वीचा सपाट नकाशा भिंतीवर टांगतों. त्यावर तिरकी सरळ रेघ ओढली, आणि तीच रेघ पृथ्वीच्या गोलावर नेऊन काढली, तर ती ध्रुवाभोंवतीं फिरत फिरत मळसूत्रासारखी जाते. हुबेहूब तोच प्रकार येथें होतो. १९७९ सालीं एर्मेनट्राउट आणि कोवन या दोन गणित्यांनीं असें दाखविलें कीं, मेंदूच्या त्या भागांतील पेशींचा तोल थोडा ढळला, तर वाऱ्यानें वाळूवर जशा लाटा उमटतात तसे चेतनेचे समांतर पट्टे आपोआप उमटतील. पट्टे एका दिशेनें उमटले तर पाहणाराला वर्तुळें दिसतील, काटकोनांत उमटले तर मध्यापासून निघणारे किरण दिसतील, आणि तिरके उमटले तर मळसूत्र दिसेल. बोगद्यांत शिरल्याचा जो भास अनेकांना होतो, तो अशा रीतीनें मेंदूच्या नकाशाच्या भूमितीचा परिणाम असावा. पाहणारा बाहेरचें कांहीं पाहत नसतो. ज्या कागदावर जग रोज रेखाटलें जातें, त्या कागदाचा पोत त्याला दिसत असतो.

तोल ढळतो कसा, हें आतां सांगतों. मेंदूंतील पेशी एकमेकींशीं रासायनिक निरोप्यांच्या द्वारें बोलतात. सेरोटोनिन हा असाच एक निरोप्या. त्याला घरांत घेण्यासाठीं पेशींवर निरनिराळ्या प्रकारचीं कुलुपें असतात. त्यांतील 'दोन-ए' नांवाच्या कुलुपांत एल्. एस्. डी. व सायलोसायबिन यांच्या किल्ल्या बसतात. सायलोसायबिन शरीरांत गेल्यावर सायलोसिन बनतें व मग बसतें, एवढाच फरक. १९९८ मध्यें झुरिकच्या फ्रान्झ फोलेनवायडर यांनीं कांहीं निरोगी माणसांना आधीं केटॅन्सेरिन नांवाचें, तें कुलूप अडवून धरणारें औषध दिलें व मग सायलोसायबिन दिलें. भास जवळजवळ झालेच नाहींत. एल्. एस्. डी. चा अंमल इतके तास कां टिकतो, याचाही उलगडा २०१७ सालीं झाला. सेरोटोनिनच्या अशाच एका कुलुपांत बसलेल्या या रेणूचें स्फटिकचित्र अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं मिळविलें; तेव्हां असें दिसलें कीं रेणु आंत शिरला म्हणजे कुलुपाचा एक भाग झांकणासारखा त्यावर पडतो, आणि तो तेथें कोंडला जातो.

आतां मोठा प्रश्न. एवढा प्रकाश, एवढे रंग, एवढी गर्दी मनांत उसळते, तेव्हां मेंदूचें कामही दुणावत असलें पाहिजे, असें कोणालाही वाटेल. १९९७ सालीं झुरिक येथें मेंदूंतील साखरेचा खप मोजला, तेव्हां सायलोसायबिननें तो वाढलेलाच आढळला. पण २०१२ सालीं लंडनच्या इंपीरियल कॉलेजांतील रॉबिन कारहार्ट-हॅरिस व त्यांचे सहकारी यांनीं तीस निरोगी माणसांना तेंच द्रव्य शिरेंतून देऊन चुंबकीय यंत्रांत निजविलें आणि मेंदूंतील रक्ताचा प्रवाह मोजला, तों उलटाच प्रकार दिसला. वाढ कोठेंच नाहीं. कपाळामागील मध्यभाग आणि मेंदूच्या मागील बाजूचा मध्यभाग येथें रक्तप्रवाह कमी झालेला. आणि ज्याचा प्रवाह अधिक घटला, त्यानें आपला अनुभव अधिक तीव्र असल्याचें सांगितलें. हे दोन्ही भाग एका मोठ्या जाळ्याचे दुवे आहेत. माणूस कांहीं विशेष काम करीत नसतो, स्वतःविषयीं, कालच्या-उद्यांच्या गोष्टींविषयीं आपल्याशींच घोळत असतो, तेव्हां हें जाळें जागें असतें, हें अमेरिकेंतील सेंट लुई येथील मार्कस राइकल यांनीं २००१ मध्यें दाखविलें होतें.

हा निष्कर्ष बाहेर येतांच आल्डस हक्स्ले यांचें स्मरण अनेकांना झालें. या इंग्रज लेखकांनीं १९५३ सालीं मेस्कॅलिन घेऊन पुढच्या वर्षीं त्यावर पुस्तक लिहिलें, व त्यांत अशी कल्पना मांडली कीं मेंदू हा जगाला आंत घेणारा दरवाजा नसून जगाला आवरून धरणारी तोटी आहे, आणि औषध ती तोटी सैल करतें. रक्तप्रवाह घटला, म्हणजे तोटी सैल झाली, म्हणजे हक्स्ले खरे ठरले, असा डांगोरा पिटला गेला. मला ही घाई वाटते. तोटी सैल झाली असें क्षणभर मानलें, तरी बाहेर पडलें तें नळाचें पाणी कीं नळांतला गंज, हें यंत्र सांगत नाहीं. शिवाय साखर वाढलेली व रक्त घटलेलें, या दोन मापांचा मेळ अद्याप नीट बसलेला नाहीं. एके ठिकाणीं औषध पोटांतून दिलें होतें, दुसऱ्या ठिकाणीं शिरेंतून, हेंही विसरतां येत नाहीं.

२०१६ सालीं याच लंडनकरांनीं वीस जणांना एल्. एस्. डी. देऊन अधिक बारीक पाहणी केली. डोळे मिटलेले असतांही मेंदूचा पाहण्याचा भाग इतर अनेक भागांशीं संधान बांधून होता, आणि हें संधान जितकें दाट तितकीं दृश्यें ठसठशीत. 'मी' नाहींसा झाला असें ज्यांनीं सांगितलें, त्यांच्या मेंदूंत स्मृतीशीं संबंधित अशा दोन भागांमधील दुवा सुटलेला आढळला. आतां, 'मी' किती नाहींसा झाला हें मोजतात कसें? माणसाला एक रेघ दाखवितात व तिच्यावर खूण करावयास सांगतात. एका टोंकाला 'मुळींच नाहीं', दुसऱ्या टोंकाला 'अत्यंत'. ज्यानें आयुष्यभर निबंधांना गुण दिले, त्याला या रेघेचें सामर्थ्य आणि दुबळेपणा हीं दोन्ही ठाऊक असतात. माझे साठ गुण आणि शेजारच्या मास्तरांचे साठ गुण हे कधींच सारखे नव्हते. तरीही शंभर उत्तरपत्रिकांत मिळून कांहीं तरी खरें निघतेंच. नाहीं तर परीक्षा घेण्यांत अर्थच नव्हता. हॉफमन यांच्या डॉक्टरांजवळ फक्त बाहुल्या होत्या. आज आपल्याजवळ रेघ आहे आणि तिच्या जोडीला मेंदूचें चित्र आहे.

यानंतरचा प्रयोग मात्र मला अस्वस्थ करून गेला. झुरिक येथील काट्रिन प्रेलर व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ मध्यें तो प्रसिद्ध केला. कांहीं माणसांना तीन प्रकारचें संगीत ऐकविलें : स्वतःच्या आयुष्यांत ज्याला मोठा अर्थ आहे असें, बेताचें, आणि त्यांच्या दृष्टीनें अगदीं अर्थशून्य. एल्. एस्. डी. च्या अमलांत हें अर्थशून्य संगीतही अर्थानें भरून आलें; तें आपल्याशींच कांहीं बोलत आहे असें त्यांना वाटूं लागलें. मग दुसऱ्या दिवशींच्या प्रयोगांत आधीं केटॅन्सेरिनची गोळी दिली. अर्थ पुन्हां नाहींसा झाला. संगीत तेंच, कान तेच, माणूस तोच.

रंग दिसले, जाळीं दिसलीं, याचें मला कांहीं वाटत नाहीं. तीं भूमितीनें सुटतात. पण 'यांत अर्थ आहे' ही जाणीवच गोळीनें येते व गोळीनें जाते, हें पचविणें कठीण. आम्ही लहानपणीं कीर्तनें ऐकत वाढलों. समर्थांनीं प्रचीतीला केवढें मोल दिलें आहे, हें आमच्या मनावर बिंबविलेलें. ग्रंथांवर, ऐकीव गोष्टींवर शंका घ्यावी, पण जें स्वतः अनुभवलें त्यावर कशी घ्यावी? आणि हे लोक तर आपला अनुभव शपथेवर सांगतात. २००६ सालीं अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत रोलंड ग्रिफिथ्स यांनीं छत्तीस सुशिक्षित व सश्रद्ध माणसांना सायलोसायबिन दिलें. दोन महिन्यांनीं विचारतां त्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश लोकांनीं तो आपल्या आयुष्यांतील सर्वांत अर्थपूर्ण अशा पांच अनुभवांत गणला. जवळजवळ एकतृतीयांश लोकांना त्याच बैठकींत तीव्र भयही वाटलें होतें. ही गोष्ट उत्साही मंडळी सहसा सांगत नाहींत.

विल्यम जेम्स या थोर मानसशास्त्रज्ञांनीं हा पेंच फार पूर्वींच अनुभविला होता. १८८२ सालीं त्यांनीं हंसविणारा वायु, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, हुंगून पाहिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वायूच्या अमलांत त्यांना विश्वाचें कोडें सुटल्यासारखें वाटे, व तें ते लगबगीनें कागदावर उतरवून घेत. शुद्धीवर आल्यावर पाहावें तों तीं वाक्यें अर्थहीन! गंमत अशी कीं या अनुभवाचें मोल जेम्स यांनीं तरीही नाकारलें नाहीं.

माझ्यापुरता मी असा विचार करतों. वर्गांत गणित समजावून झालें कीं पुढच्या बांकावरचा मुलगा म्हणे, 'समजलें, गुरुजी.' तो खोटें बोलत नसे. त्याच्या चेहऱ्यावर समजल्याचा उजेड खरोखरच पडलेला असे. मी त्याला फळ्याशीं बोलावून तसलेंच दुसरें गणित घालीं. कित्येकदां तें सुटे, कित्येकदां सुटत नसे. पण उजेड दोन्ही वेळीं सारखाच. समजल्याची जाणीव आणि समजणें या दोन गोष्टी आहेत, आणि पहिली ही दुसरीची साक्ष देऊं शकत नाहीं. झुरिकच्या प्रयोगानें पहिलीचें कुलूप कोठें आहे तेवढें दाखविलें, असें मी समजतों. संतांनीं प्रचीति म्हटली ती एका दुपारची चमक नव्हे. वर्षानुवर्षांच्या आचरणाच्या फळ्यावर सोडवून दाखविलेलें गणित होतें तें.

वैद्यकांत या द्रव्यांचा उपयोग विषण्णतेच्या रोगावर करून पाहत आहेत. ऑस्ट्रेलियानें जुलै २०२३ पासून इतर उपचारांना दाद न देणाऱ्या अशा रोग्यांसाठीं, ठराविक मानसोपचारतज्ज्ञांच्या हातून, सायलोसायबिन देण्यास मुभा दिली. त्यांतील एक अडचण बोलकी आहे : खरें औषध कोणतें व खोटी गोळी कोणती हें रोग्याला कळूं न देणें जवळजवळ अशक्य, कारण तासाभरांत भिंती हलूं लागतात! ज्यांच्या कुटुंबांत वेडाचा विकार आहे अशांना या प्रयोगांत सहसा घेतच नाहींत. आपल्या देशांत १९८५ च्या कायद्यान्वयें हीं द्रव्यें जवळ बाळगणें हाही गुन्हा आहे. तरुण श्रोत्यांनीं या दोन्ही गोष्टी नीट ऐकून ठेवाव्या.

अखेरचा प्रयोग २०२४ सालचा, पुन्हां सेंट लुई येथील. जॉशुआ सीगल व त्यांचे सहकारी यांनीं फक्त सात माणसें घेतलीं. पण प्रत्येकाच्या मेंदूचें चित्रण सरासरीनें अठरा वेळां, औषधापूर्वीं, औषधाच्या अमलांत आणि नंतरही केलें. ज्या पेशीसमूहांचे ताल एकमेकांशीं जुळून चालतात, त्यांचे ताल सायलोसायबिननें विस्कटले. 'मी'शीं गुंतलेल्या त्या जाळ्यांत सर्वांत अधिक. तुलनेसाठीं दिलेल्या एका साध्या उत्तेजक औषधाच्या तिपटीहून हा बदल मोठा होता. बहुतेक सर्व विस्कळीतपणा ओसरला. पण स्मृतीचें एक केंद्र आणि तें जाळें यांमधील संबंध मात्र कांहीं आठवडे सैलच राहिला.

याच लोकांना, अंमल चढलेला असतां, यंत्रांत एक क्षुल्लक काम दिलें होतें. समोर एक चित्र यावें, कानांत कांहीं शब्द पडावे, आणि दोन्ही जुळतात कीं नाहीं तें बटण दाबून सांगावें. आपल्या पहिल्या इयत्तेच्या पुस्तकांत असतो तसला स्वाध्याय. तो करीत असतांना मेंदूचा विस्कळीतपणा स्वस्थ पडून राहिलेल्या वेळेपेक्षां कमी आढळला. औषध रक्तांत तेवढेंच होतें.